लेकाचा कागद

वाऱ्याने उडू नयेत म्हणून हौसाने एका कागदावर वरवंटा ठेवला आणि दुसऱ्यावर पायली. मग दोन पावलं मागे सरून, कमरेवर हात ठेवून ती दोन्ही कागद निरखू लागली. बाजारात दोन कोंबड्यांतली कोणती घ्यावी हे ठरवताना बायका बघतात, तशी. वाचता तिला एक अक्षर येत नव्हतं. पण निळसर कागद लेकाचा, म्हणजे लेक म्हणून नेणारा, आणि पिवळट कागद कराराचा, एवढं ती आता झोपेतही सांगू शकली असती.

“वाच पुन्ना,” ती बोलली.

ओटीच्या कडेला नवसू करवतीच्या दातांवर कानस फिरवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“काकी, सकालपासून तीनदा वाचलं. कागद काय दर घटकेला येगलं बोलतो?”

“वाच बोलले ना!”

नवसू उठला. सतरा वर्षांचा पोर, दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलेलं. ज्या बाईला तो काकी म्हणत होता ती त्याची सख्खी आई. हे त्याला ठाऊक होतं, हौसाला ठाऊक होतं आणि वाडीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. तरी हौसा ती काकी, आणि कुडापलीकडच्या घरातली गोजर ती आय. जन्माच्या आठव्या दिवसापासून हे असंच चालत आलेलं होतं.

त्याने आधी वरवंट्याखालचा निळसर कागद काढला. हे वाल्मिकचं पत्र. वाल्मिक म्हणजे हौसाचा नवरा. नवसू सहा वर्षांचा असताना तो स्वतःच्या पासपोर्टावर मोंबासाला गेला आणि अकरा वर्षं झाली, तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करत होता.

“‘माझा मुलगा म्हणून त्यास येथे येता येईल,’” नवसू वाचू लागला. “‘इकडील सरकारचा तसा नियम आहे. परंतु अठरा वर्षे पुरी होण्याच्या आत सर्व कागद झाले पाहिजेत. पुढे त्यास परका धरतील. त्यास माझ्याजवळ ठेवून काम शिकवीन. संध्याकाळी इंग्रजीच्या शाळेत घालीन.’”

“आनि परत कदी?”

“त्याचं कायच लिवलं नाय.”

“बग! लिवलंच नाय. आता दुसरा.”

पिवळट कागद मुकादमाचा. हा मुकादम शहापूरकडचा. वाल्मिक होता त्याच मुलखातल्या एका लाकडाच्या वखारीसाठी तो करवतवाले गोळा करत होता. मोंबासापासून आगगाडीने दोन दिवस आत, रानात. पुढच्या रविवारी सगळ्यांनी आटगाव स्टेशनात जमायचं आणि तिथून मुंबईच्या बंदरावर.

“‘सदरहू इसमास तीन वर्षे करवतीच्या कामावर ठेवण्यात येईल. मुदत पुरी होताच मालक स्वखर्चाने त्यास मुंबई बंदरी परत पोचवील.’”

“ते शेवटचं पुन्ना.”

“परत पोचवील.”

“हां,” हौसा बोलली, आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा टेकून बसली.

एवढ्यात कुडाची झापडी सरकवून गोजर आली. हातात वाफाळत्या आंबिलीचं मडकं. हौसापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, अंगाने चिपाड, आणि बोलायची ते खाली बघूनच. तिने मडकं नवसूपुढे ठेवलं, त्याच्या केसांतला लाकडाचा भुसा झटकला आणि मगच खांबाला पाठ लावून बसली.

“ते परत पोचवायचं आमच्या घरच्यांच्या कागदातपन होतं,” ती बोलली.

 गोजरीचा नवरा नामा पंधरा वर्षांपूर्वी असाच करारावर बसऱ्याला गेला होता. तीन वर्षांचा करार, येण्याजाण्याचा खर्च मालकाकडे. परत आली ती त्याची पत्र्याची पेटी. पेटीत कराराचा कागद, त्याच्या अंगठ्याच्या ठशासकट. तो कागद गोजरीने अजून जपला होता, फणी-करंड्याच्या खाली.

“ताप आला त्याला कोन काय करील?” हौसा बोलली. “गावात काय तापानं मरत नाय मानसं?”

“मरतात. पन तोंडात पानी घालाया कोनतरी असतं.”

“आनि माजा गेला तो? त्याला कुटं ताप आला? धडधाकट हाय, दिवालीच्या दिवाली पत्र धाडतो. अकरा वर्सं झाली, वल्लांडला का उंबरा? परत यायाचं लिवलेलं नसलं का मानूस असाच तिकडं मुरतो. मला नाय पायजे तो निला कागद.”

 दोघींचं हेच भांडण दसऱ्यापासून चाललं होतं आणि दोघींचीही काही चूक नव्हती. ज्या कागदाने जिचा माणूस नेला, तिला त्याच कागदाचं भय. दुसरीचा कागद तिला सोन्याचा वाटायचा.

बरं, घरात ठरलं आणि झालं, इतकं ते सोपंही नव्हतं. अडचण वेगळीच होती आणि ती सतरा वर्षांपूर्वी हौसानेच स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

नवसूच्या आधी तिची तीन पोरं गेली. तिन्ही पाचवीच्या आत. चौथ्या खेपेला सुईणीने सांगितलं, हे पोर तुझं म्हणून ठेवू नकोस, सटवाईला कळेल, दुसरीला विकून टाक. मग तान्ह्याला सुपात घातलं आणि परसदारच्या कुडावरून गोजरीच्या हातात दिलं. गोजरीने ओंजळभर कोंडा मोजून किंमत चुकती केली. गोजरीला मूलबाळ नव्हतं. तिच्या घरचं पोर सटवाईच्या हिशेबात नव्हतंच. पोर पुन्हा हौसाच्याच अंगावर प्यालं, तिच्याच कुशीत निजलं, पण ‘माझं’ हा शब्द तिने त्याच्यासाठी कधी काढला नाही. लग्नाच्या वेळी कोंडा परत देऊन पोर परत घ्यायचं, अशी रीत होती.

आठव्या दिवशी पोलीस पाटील जन्म-मरणाचं बुक घेऊन आला. दारात उभा राहून त्याने विचारलं, “पोर कोनाचं गो?” हौसाने कुडाकडे बोट केलं. “गोजरीचं.” पाटलाला काय खरं ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण जी सटवाई कपाळावर लिहिते तिला वाचताही येत असणार, उगाच परीक्षा कशाला घ्या? त्याने नीट टाक बुडवून लिहिलं. बापाचं नाव नामा, आईचं नाव गोजर.

पोर जगलं. आणि ते बुक मुरबाडच्या कचेरीत सतरा वर्षं तसंच राहिलं.

गेल्या महिन्यात नवसू जन्माचा उतारा काढायला गेला तेव्हा हे उघडं पडलं. करारावर जायचं तर हाच उतारा चालणार होता. गोजरीने आई म्हणून संमतीचा अंगठा द्यायचा, संपलं. पण वाल्मिकचा लेक म्हणून जायचं तर दोघींनी कचेरीत उभं राहून जबानी द्यायला हवी होती. गोजरीने म्हणायचं, हा माझा नाही. आणि हौसाने म्हणायचं, हा माझा आहे. मोठ्याने, चारचौघांत.

 म्हणजे बघा, माझा म्हटलं तर पोर कायमचं समुद्रापलीकडे, वर सटवाई जागी. आणि गोजरीचा म्हटलं तर तीन वर्षांनी दारात. यात निवडायचं काय होतं? तरी तिच्या जिवाला चैन नव्हती. चार दिवस झाले, ती पायलीवर पायली भात कांडत होती. घरात खाणारी तोंडं दोनच.

“तूच बोल रे,” ती एकदम नवसूवर घसरली. “तुला कोनता पायजे?”

नवसूने आंबिलीचं मडकं खाली ठेवलं.

“मला बापूस बगायचाय,” तो बोलला. “त्याचं त्वांड मला आठवत नाय.” मग जरा थांबून, कानशीवरचा भुगा फुंकत, “पन मला परतपन यायचंय.”

 दोन्ही मिळतील असा कागद कोणत्याच सरकारने छापलेला नव्हता.

“कराराचाच बरा,” शेवटी हौसा बोलली. “गुरवारी मुरबाडला जाव. गोजरबाय, तू येशील ना अंगठा द्याया?”

गोजर खालीच बघत होती. ओटीवर सांडलेला कोंडा ती बोटाने एकत्र करत होती.

“येईन,” ती बोलली.

गुरुवारी उजाडायच्या सुमारास तिघं निघाली. मुरबाड चार कोसांवर. भातं कापून झाली होती, खाचरांतले बुडखे पायाला बोचत होते म्हणून सगळे सडकेने चालले. नवसू पुढे. खांद्यावर कोट टाकलेला, तो कोट वाल्मिकने गावात विसरलेला. हौसा त्याच्या मागे. गोजर सगळ्यांत मागे, काखेत भाकरीचं गाठोडं आणि पदराची एक गाठ मुठीत धरून.

वाटेत हौसाची जीभ टाळूला लागली नाही. तीन वर्षं म्हणजे काय, तीन पावसाळे. सकुबाईची म्हैस विकली ते काल झाल्यासारखं वाटतं, त्याला चार वर्षं झाली. नवसू परत येईल तेव्हा वीस वर्षांचा असेल, लगेच लग्न. पोरगी वैशाखऱ्याची बघायची, गोजरीच्या माहेरची, बायका कामाच्या असतात तिकडच्या. तिकडे रानात वाघ असतात म्हणे, पण वाघ काय आपल्याकडे नाहीत? तिच्या बोलण्याला कोणी हूं केलं नाही तरी तिचं चाललंच होतं.

“काकी, दम खा,” नवसू हसत बोलला. “कचेरीत बोलाया काय उरंल का?”

“मला कशाला बोलावं लागतंय? बोलायचं हाय ते हिला.”

गोजरीने पदराची मूठ बदलली.

कचेरीच्या ओसरीवर तोबा गर्दी होती. वारसाचे, बांधाचे, जंगलखात्याच्या दंडाचे, कसले कसले लोक. कारकुनापुढे नंबर लागायला दुपार झाली. कारकून पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. आतल्या खोलीत मामलेदार बसले होते, दार अर्धं उघडं होतं आणि सहीसाठी कागद तिथेच जायचे.

भाऊसाहेबांनी करार वाचला, उतारा वाचला, दोन्ही एकमेकांवर ठेवले.

“गोजर नामा कोण?”

गोजर पुढे झाली. तिने डावा हात पुढे केला. भाऊसाहेबांनी तिचा अंगठा धरून शाईच्या गादीवर फिरवला. शाई नखापर्यंत चढली.

“हा मुलगा नवसू तुझ्या पोटचा, आणि त्याला करारावर परदेशी पाठवायला तुझी हरकत नाही. बरोबर? कर अंगठा इथं.”

रोज पन्नासदा विचारायचा प्रश्न. विचारताना ते दुसरा कागद शोधत होते. पण कागदावर अंगठा पडेना तसं त्यांनी वर पाहिलं. गोजर आपल्या काळ्या अंगठ्याकडे बघत उभी होती.

“पयलं खोटं हाय, भाऊसाहेब,” ती बोलली. “आनि दुसऱ्याला हरकत हाय.”

हौसाने तिचा दंडच धरला.

“गोजरबाय! काय बोलतीस गो?”

“खरं ते बोलतंय.”

“तुझा नाही तर मग कोणाचा?” भाऊसाहेबांनी चष्मा काढला.

“हिचा.”

“माजा नाय!” हौसा ओरडली. सतरा वर्षांची सवय, शब्द आपोआप बाहेर पडला. “तिचाच हाय, भाऊसाहेब. उन्हातनं चालून आलीय, डोकं फिरलंय तिचं. तिचाच हाय, बुकात लिवलंय!”

ओसरीवरचे लोक माना वळवू लागले. भाऊसाहेबांना आधी राग आला आणि मग त्या रागात थोडी मजाही वाटू लागली.

“एका पोरावर दोन बायका हक्क सांगतात असं ऐकलं होतं,” ते म्हणाले. “दोघी नको म्हणताहेत असं पहिल्यांदाच बघतोय. तू सांग रे. तुझी आई कोण?”

 नवसूने एकदा गोजरीकडे पाहिलं, एकदा हौसाकडे.

“दोगी,” तो बोलला.

“दोघींना रकाना नाही.”

गोजरीने शाईचा अंगठा लुगड्याला लागू नये म्हणून वर धरला आणि दुसऱ्या हाताने, दातांची मदत घेऊन, पदराची गाठ सोडली. आत भाताचा कोंडा होता. सकाळपासून तिने मुठीत धरून आणलेला.

“हात कर,” ती हौसाला बोलली.

“ह्ये काय?”

“मी दिलता तेवडाच हाय. वंजलभर. आता तू मला परत दे.”

“तू... घरनं बांदून आनलास?”

“मंग काय, कचेरीत भात कांडू?”

हौसाच्या ओंजळीत तिने तो कोंडा ओतला आणि स्वतःचा पदर पसरला. हौसाच्या बोटांमधून कोंडा कारकुनाच्या टेबलावर झरत होता. भाऊसाहेब “अहो, अहो, दप्तर!” असं म्हणत कागद मागे ओढू लागले.

“गोजरबाय, नको गो,” हौसा दबक्या आवाजात बोलली. “सटवाईला आयकू जाईल.”

“जाऊंदे. सतरा वर्सं झाली, तिचे कानपन म्हातारे झाले असतील. आनि समिंदर वल्लांडून कुटं जाती ती?”

“आनि हा परत आला नाय तर?”

गोजर पहिल्यांदाच वर बघून बोलली.

“माज्या पेटीतला कागद बगितलायस ना तू? त्याच्यावर परत यायाचं लिवलंय. मानूस कुटाय? ह्याच्या तोंडात पानी घालाया ह्याचा बापूस असंल तिकडं. टाक.”

हौसाने डोळे मिटले. ओंजळ उलटी केली. कोंडा गोजरीच्या पदरात पडला, आवाजसुद्धा झाला नाही.

“आता बाई, काय ते एकदा स्पष्ट बोला,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा स्वर जरा मऊ झाला होता. “आत रावसाहेबांना ऐकू गेलं पाहिजे. मुलगा कोणाचा?”

“माजा.”

“ऐकू नाही आलं.”

हौसाने छपराच्या कौलांकडे पाहिलं, जणू तिथं कोणी कान लावून बसलं होतं. ओसरीवर बिड्या ओढणारे थांबले होते. तिने कमरेला पदर खोचला.

“माजा हाय!” ती ओरडली. “माज्या पोटचा! तीन गेल्यावं झाला तो. माजा हाय!”

आतून मामलेदारांनी विचारलं, “काय गडबड आहे, भाऊसाहेब?” तोवर हौसाने नवसूच्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली होती आणि ती तशीच उभ्याउभ्या रडायला लागली होती.

जबानीचे दोन कागद झाले. एकावर हौसाचा अंगठा. दुसऱ्यावर, ‘सदर मुलगा माझ्या पोटचा नाही, मजकूर वाचून दाखवला तो खरा आहे’ असं लिहून त्याखाली गोजरीचा. तिच्या अंगठ्याची शाई वाळत आली होती, भाऊसाहेबांनी गादीवर पुन्हा एकदा फिरवली. कराराचा पिवळट कागद त्यांनी नवसूला परत दिला आणि निळसर पत्र उताऱ्याला टाचून ठेवलं.

“ठाण्याला जाईल,” ते म्हणाले. “तिथून पुढं. दोन-अडीच महिन्यांत पासपोर्ट येईल. चैत्राच्या आत बोटीत बसशील. आणि जाताना तो कोंडा झाडून जा.”

  परतीच्या वाटेला नवसू दोघींच्या मध्ये चालायचा, मग अवघडून पुढे जायचा, मग पुन्हा थांबायचा. शेवटी त्याने कराराचा कागद खिशातून काढला, चार घड्या घातल्या आणि सडकेकडेच्या मोरीत टाकून तो लांब ढांगा टाकत पुढे निघाला.

तो बोलणं ऐकू जाणार नाही इतका पुढे गेल्यावर हौसा उसळली.

“तू येईन बोललीस. अंगठा देईन बोललीस.”

“दिला की.”

“थट्टा नको करूस! सगलं ठरलं हुतं. तीन वर्सांनी आला असता घरी. तुला ‘आय’ बोलत दारात उबा राह्यला असता. तुला काय वंगाल हुतं त्यात? तुजाच ऱ्हाणार हुता ना कागदावं? का केलंस तू ह्ये?”

गोजर चालत राहिली. पदराची गाठ तिने पुन्हा बांधली होती, कोंड्यासकट.

“तू लग्नाच्या मांडवात देनार हुतीस ना मला ह्यो कोंडा?” ती बोलली. “तवा मी मागितला नस्ता. तुला सांगतंय, मी मागितलाच नस्ता. तसाच ठेवला असता त्याला, माजा म्हनून.” तिला धाप लागली होती. “पन त्या कागदावं नाय. त्या कागदावं एक दिला. दुसरा नाय द्याचा. तिकडं मुरंना का, जिता तं ऱ्हाईल.”

हौसा काहीतरी बोलणार होती. रागाचंच काहीतरी. पण गोजरीचा तो काळा अंगठा तिला दिसला. गोजर तो लुगड्याला पुसत चालली होती आणि शाई काही जात नव्हती. हौसाने तिच्या हातातलं भाकरीचं गाठोडं काढून स्वतःच्या काखेत मारलं, एवढंच.

ऊन कलायला लागलं. ओढ्याच्या उताराशी नवसू थांबला होता. पाण्यात पाय सोडून बसला होता. दोघी दिसल्या तसा तो उठला, हात तोंडाशी नेऊन त्याने हाक मारली.

“आय! बिगी ये गोऽऽ!”

गोजरीची मान सवयीने वर आली. ओठही उघडले. मग ती एकदम सडकेच्या कडेला खाली बसली आणि उजवा पाय मांडीवर घेतला.

हौसा तशीच दोन पावलं पुढे गेली, मग थांबून मागे वळली.

“काय झालं?”

“काटा गेला.”

“तुला बलवतंय तं पोर. ओ दे ना.”

“मला नाय,” गोजर बोलली. ती पायाच्या तळव्यावरच नजर ठेवून होती. “मला तो असं वरडून कदी बोलवत नाय. तुला बलवतंय.”

“आय गोऽऽ!” नवसूने पुन्हा हाक दिली.

हौसा सडकेच्या मधोमध उभी राहिली. काकी म्हटलं की काय उत्तर द्यायचं ते तिला ठाऊक होतं, दिवसातून वीसदा देत आली होती. या हाकेचं उत्तर काय असतं? तिने गोजरीकडे पाहिलं. गोजरीने मानेनेच खुणावलं, दे की.

“ओऽऽ!” हौसा बोलली.  तिने गाठोडं घट्ट धरलं आणि पुन्हा ओरडली. “ओऽऽ, आले रे! आले!”

आणि ती उताराने चक्क धावत सुटली, पन्नाशीला आलेली बाई, भाकरीचं गाठोडं काखेत आपटत.

गोजर बसून राहिली. पायात काटा नव्हताच. तळवा चोळत ती त्या दोघांकडे बघत होती. ओढ्याकडून नवसूने पुन्हा हात हलवला, या वेळी तिच्यासाठी.

“व्हा पुडं,” ती तिथूनच बोलली, जरी एवढ्या लांब ऐकू जाणार नव्हतं. “मी येतंय.”